व्हेंडर ऑडिटमध्ये बालमजूर दिसत नाहीत? या चुका टाळा

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या व्हेंडरांची तपासणी करत मला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत पहिल्या फळीच्या, म्हणजे गाडीच्या कंपनीला थेट माल देणाऱ्या, एकाही कारखान्यात मशीनवर लहान मूल दिसलं नाही. तरीही नव्यानं रुजू झालेला एखादा ऑडिटर ‘बालमजूर : नाहीत’ या रकान्यात बरोबरची खूण करून चार वाजता परत येतो, तेव्हा माझा जीव जळतो. त्यानं खोटं लिहिलेलं नसतं. मुलं जिथे बसवलेलीच नसतात, तिथलाच फेरफटका मारून तो आलेला असतो.

गेटच्या आत बघून परत येणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात.

मोठी कंपनी गाडी जोडते. तिला सीट, ब्रेक, वायरिंग देणारे पहिल्या फळीचे. त्यांना रबर, कास्टिंग, प्रेसचे पार्ट देणारे दुसऱ्या फळीचे. आणि बर (धातूच्या कडेचे खरखरीत कंगोरे) काढायला, फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा रबर) कापायला, माल निवडायला, पिशव्या भरायला हे दुसऱ्या फळीवाले माल बाहेर पाठवतात. तो जातो कुठल्या तरी गल्लीतल्या पत्र्याच्या खोलीत. मुलं तिथे असतात. त्या कामाला मशीन लागत नाही, वीज लागत नाही, पैसे नगावर मिळतात आणि हजेरीपट कुणी ठेवत नाही.

२०२३ ची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. ग्रोमेट बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे मी गेलो. ग्रोमेट म्हणजे पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे बसणारी रबराची कडी. कारखाना चकाचक होता. सगळ्यांचे गणवेश, सगळ्यांचे पीएफ नंबर, भिंतीवर बालमजुरीविरोधी फलक. दोन प्रेस मिळून दिवसाला नऊ हजार नग पडत होते. ट्रिमिंगच्या, म्हणजे फ्लॅश कापायच्या, टेबलावर चार बायका. त्यातल्या एका मावशींना विचारलं, दिवसाला किती होतात? म्हणाल्या, हात चांगला चालला तर नऊशे. म्हणजे चौघींचे छत्तीसशे. उरलेले चोपन्नशे कोण कापतं?

मालकांनी विषय बदलला. मी गेटवर जाऊन बाहेर जाणाऱ्या मालाची वही मागितली. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ‘ट्रिमिंगसाठी, ६ पोती’ अशी नोंद आणि पुढे नुसता एक मोबाइल नंबर. त्या संध्याकाळी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मीच बसलो.

भोसरीच्या मागच्या बाजूला एका गाळ्याच्या वर ती खोली होती. जमिनीवर पाच मुलं मांडी घालून बसलेली, मधोमध ग्रोमेटचा ढीग. प्रत्येकाच्या हातात अर्धं मोडलेलं ब्लेड, धरायच्या बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कडी बोटावर चढवायची, ब्लेड टेकवायचं, एक गिरकी, की फ्लॅशचा काळा दोरा खाली पडतो. खोलीभर त्या दोऱ्यांचा थर होता. सगळ्यात लहान मुलाच्या डाव्या अंगठ्यावर बारीक चिरा होत्या आणि त्यांत रबराची काजळी भरून बसली होती. धुऊन जाईल अशी ती नव्हती.

तेव्हापासून माझी सवय अशी: कारखान्यात पाय ठेवल्यावर आधी हिशोब. किती नग पडतात, प्रत्येक नगाला हाताचं काम किती, आणि ते करायला डोळ्यांसमोर माणसं किती? मेळ बसला नाही की बाहेर गेलेल्या मालाची चलनं मागायची. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेल्या मालाचं जीएसटीत आयटीसी-०४ हे विवरण भरावं लागतं आणि नोंदणी नसलेल्या जॉबवर्करकडे गेलेला मालही त्यात दाखवावा लागतो. ते विवरण आणि गेटची वही शेजारी ठेवून वाचा. तासभर जातो. हा तास वाचवून व्हॉट्सॲपवर शॉप फ्लोअरचे फोटो मागवणाऱ्यांना मी माझ्याबरोबर नेत नाही.

वय विचारणं आणि आधार कार्ड बघून समाधान मानणं

त्या खोलीत मी वय विचारलं, तर पाचही जण एका सुरात म्हणाले, अठरा. पढवून ठेवलेलं होतं. मग सगळ्यात लहानग्याला विचारलं, कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा तू कितवीत होतास? मुकादमाकडे बघायच्या आतच त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘दुसरीत.’ म्हणजे आता अकराच्या आसपास.

वय कधी विचारू नका. शाळेचं, बाईंचं, धाकट्या बहिणीचं विचारा आणि मुकादमाला आधी खोलीबाहेर पाठवा. कागद बघायचाच तर शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये हाच क्रम आहे आणि वैद्यकीय तपासणी अगदी शेवटी येते. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पुरावा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलं आहे. तरी अजून ऑडिटच्या फायली आधारच्या झेरॉक्सनी भरलेल्या असतात.

‘घरचीच पोरं आहेत’ हे ऐकून घेणं

हे वाक्य मला दर दोन-तीन भेटींत ऐकू येतं. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला लावणं गुन्हा आहे आणि चौदा ते अठराच्या मुलाला घातक कामावर लावणंही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घरच्या धंद्यात मदतीची सवलत आहे, पण ती शाळेच्या वेळेबाहेरची आणि सुट्टीतली. शिवाय २०१७ च्या नियमांनी स्पष्ट केलंय की उत्पादन किंवा पुरवठ्याच्या साखळीतलं, कुटुंबाला पैसे मिळवून देणारं काम या मदतीत बसत नाही. गाडीच्या कंपनीला जाणारा ग्रोमेट म्हणजे पुरवठ्याची साखळीच. नियम छापून जवळ ठेवा आणि मालकासमोर ठेवा. वाद मिटतो.

‘ती मुलं ठेकेदाराची, आमची नाहीत’

असं म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेतलं अलाबामा सांगतो. तिथल्या लुव्हर्न गावात ह्युंदाईला पत्र्याचे प्रेस पार्ट देणाऱ्या स्मार्ट अलाबामा या तिच्याच उपकंपनीत अल्पवयीन मुलं राबत असल्याची बातमी रॉयटर्सनं जुलै २०२२ मध्ये दिली. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानं दावा लावला, तो कामगार पुरवणाऱ्या एजन्सीवर, पार्ट बनवणाऱ्या कारखान्यावर आणि थेट ह्युंदाईच्या अलाबामातल्या कंपनीवरही. तेरा वर्षांची मुलगी आठवड्याला पन्नास-साठ तास काम करत होती, असा त्यात आरोप आहे. श्रीमंत देशात, इतक्या तपासण्यांच्या नाकाखाली हे झालं. म्हणून ठेकेदाराची हजेरी, पगाराची नोंद आणि गेटवरची माणसं या तिन्हींचा मेळ मी स्वतः घालतो.

छोट्या चुका एकेका ओळीत. आठ दिवस आधी तारीख कळवून जाऊ नका. फक्त दिवसपाळी बघू नका. सहीचं हमीपत्र म्हणजे तपासणी नव्हे. रंगाचा पुरवठादार तपासताना त्यातलं अभ्रक कुठून येतं हेही विचारा. झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीह भागात ते वेचायला मुलं जुंपली गेली आहेत आणि गाडीच्या रंगाची चमक अनेकदा अभ्रकाची असते.

मूल सापडलं की ‘आजच काढून टाका’ म्हणणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे आणि ती मला अजून टोचते.

त्या खोलीतून मी खरेदी विभागाच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘आजच्या आज बंद करायला सांगा, उद्या एकही पोरगं दिसता कामा नये.’ मी मुकादमाला तेच सांगितलं, अहवाल लिहिला, घरी गेलो. आठ दिवसांनी खोलीला कुलूप होतं. व्हेंडरची फाइल स्वच्छ. दोनेक महिन्यांनी तोच टेम्पोवाला भेटला. म्हणाला, ‘साहेब, ते बारकं पोर आता वीटभट्टीवर असतं, मुळशीकडं कुठंतरी.’ मी दोन रविवार भट्ट्या पालथ्या घातल्या. सापडला नाही.

आता माझा क्रम ठरलेला आहे. खोलीतूनच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन आणि त्यांची माणसं येईपर्यंत तिथून हलायचं नाही. मुलाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर नेलं जातं, तिथे मी स्वतः जातो. तोवर मुकादमाकडून झालेल्या कामाचे पैसे मुलाच्या नावानं लिहून घ्यायचे. वसूल झालेला दंड मुलासाठीच्या पुनर्वसन निधीत जातो आणि सरकार प्रत्येक मुलामागे त्यात १५ हजार रुपये घालतं, हे आई-वडिलांना त्यांच्या भाषेत सांगायचं. घरातल्या एका मोठ्या माणसाला व्हेंडरनं आपल्याच कारखान्यात, पीएफसकट घ्यावं, अशी अट घालायची. ऑर्डर लगेच तोडायची धमकी मी देत नाही. कारण धमकी दिली की मुलं रात्रीत हलवली जातात आणि आपल्या हाती रिकामी खोली येते.

मग जून उजाडला की शाळेत जायचं. हजेरीपटावर त्या मुलाचं नाव आणि महिनाभराची हजेरी डोळ्यांनी बघायची. फाइलवर ‘बंद’ असा शेरा मी त्यानंतरच मारतो.