कमी पैशात, दूध-तूप-तेल सोडून पोटभर कसं जेवायचं

बदामाचं दूध, टोफू (सोयाबीनचं पनीर) वगैरे आधी डोक्यातून काढा, खरं जेवण किराणा दुकानातल्या गोणीत आहे. ज्वारी, मटकी, हुलगे, चवळी पाकिटातली नको, सुटी वजनावर घ्या. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की मोड फडक्यातून बाहेर डोकावत असतात आणि मूठभर मटकीची वाटीभर उसळ होते. उसळीसाठी कांदा तेलाशिवाय कोरडाच परता, खाली लागला तर पाण्याचा हबका मारा, शेवटी दाण्याचं कूट घाला, सगळी चव तिथेच आहे बघा. बी-१२ जीवनसत्त्व मात्र डाळी-भाज्यांतून मिळत नाही, डॉक्टरांना विचारून गोळी घ्याच, त्यात काटकसर नको. आणि भाजी बाजार उठताना घ्या, मेथी-शेपूच्या जुड्या बऱ्याचदा अर्ध्या भावात देतात.