दगड का माती: सर्व्हरवर मारामारी कुठे चालू द्यायची

लालबागच्या आमच्या चाळीत माती नावालाच होती. म्हणून ‘दगड का माती’ खेळताना ओटा आणि जिन्याच्या पायऱ्या म्हणजे दगड, चौकातली फरशी म्हणजे माती, असं ठरलेलं. राज्य असलेल्याने ‘माती’ म्हटलं की बाकीचे टुणकन ओट्यावर. पण ओट्यावर नुसतं उभं राहिलं तर खेळ कसला? एक पाय खाली टेकवायचा, ‘आम्ही तुझ्या मातीत’ म्हणून ओरडायचं, तो धावत आला की पाय वर.

तीन वर्षं मी माइनक्राफ्टचा, म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमचा, एक छोटा सर्व्हर चालवतेय; सर्व्हर म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळायचं एकच जग. तिशीभर नेहमीची पोरं, बरीचशी आमच्याच परिसरातली. ऑफिस, लोकल, जेवण उरकून साडेनवाला लॉगिन केलं की चॅटमध्ये दोन मागण्या ठरलेल्या, दोन्ही पीव्हीपीवरून, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना मारण्यावरून. ‘ॲडमिन ताई, पीव्हीपी बंद कर ना, घर बांधू देत नाहीत.’ आणि लगेच खाली, ‘ताई, बोअर होतंय, पीव्हीपी चालू कर.’ दोघंही बरोबर असतात.

तुम्हीही असा सर्व्हर चालवत असाल तर आधी एक गोष्ट ठरवा: मेल्यावर काय जातं? कोण कुणाला मारू शकतो हे नंतर. माइनक्राफ्टमध्ये मेलात की सगळं सामान तिथेच पडतं आणि आसपास कोणी असेल तर 5 मिनिटांत नाहीसं होतं. आठवडाभर खणून काढलेले हिरे असे गेले की आठवीतला मुलगा पुन्हा येत नाही. रूनस्केप या ऑनलाइन गेमच्या ‘ओल्ड स्कूल’ आवृत्तीत साध्या मरणाला तीन मौल्यवान वस्तू वाचतात, पण उगाच दुसऱ्यावर हात टाकून डोक्यावर कवटीची खूण आली की त्याही जातात. पहिला वार करणाऱ्याला जास्त महाग पडावं, हा हिशोब मला फार आवडतो.

आता ओटा बांधायचा, म्हणजे जिथे कोणी कोणाला मारू शकत नाही अशी जागा. इथे नवे ॲडमिन हमखास फसतात. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘स्पॉन प्रोटेक्शन’ (स्पॉन म्हणजे खेळाडू जगात पहिल्यांदा उतरतो ती जागा) 16 दिसतं आणि वाटतं, झालं काम. ते फक्त तोडफोड थांबवतं, तलवार नाही. त्यासाठी वर्ल्डगार्ड हे प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका, स्पॉनभोवती रीजन, म्हणजे हद्द, आखा आणि त्यावर ‘पीव्हीपी’ हा फ्लॅग, म्हणजे नियम, ‘डिनाय’ (बंद) करा. मग दोन अकाउंट घेऊन सीमेवर उभं राहा आणि स्वतःच बदमाशी करून बघा: बाहेरून आत बाण, आतून बाहेर बाण, टीएनटी, आग, फेकायची औषधं. नियम मारणारा आणि मार खाणारा, दोघांची जागा तपासतो ना, हे बघा. नाहीतर कोणीतरी ओट्यावर बसून खालच्यांना टिपत राहील. माझ्याकडे एका पठ्ठ्याने रीजनच्या एक ठोकळा बाहेर उंचावर लाव्हाची बादली ओतली. लाव्हा वाहत आत आला आणि बाजारात उभी असलेली दोन पोरं भाजली. नियम एकही मोडला नव्हता. मी रागावले, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं.

पुढचा त्रास पळपुट्यांचा. बाहेर टोला हाणायचा आणि धावत आत, किंवा सरळ लॉगआउट. यावर कॉम्बॅट टॅग लावा. वार झाला की दोघांनाही काही सेकंद ओटा बंद, आणि त्या वेळात लॉगआउट केलं तर मेलात असं धरायचं. मी 20 सेकंद ठेवलेत. आधी 60 होते, पण नेट गेलेली पोरं फुकट मरायला लागली. गणपतीत आमच्या भागात मोबाइल नेटची काय अवस्था होते ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त डोकं सीमेवर घालवा. दादरच्या पुलाचा एकच जिना उघडा असेल तर टीसीला काही करावंच लागत नाही, पायथ्याशी उभं राहायचं. चार जिने असले की त्याला एक निवडावा लागतो. माझ्या स्पॉनला पहिल्या वर्षी एकच सुंदर कमान होती, आणि तिच्याबाहेर रोज तीच तीन टाळकी. आता चार दरवाजे आहेत, शिवाय दूर कुठेतरी सोडणारा रँडम टेलिपोर्ट. बाहेर पडल्यावर 10 सेकंद कोणी मारू शकत नाही, पण तुम्ही आधी हात उचललात तर ते कवच लगेच गळतं.

ओटा पक्का झाला की उलटी पंचाईत होते, कोणी खाली उतरतच नाही. अल्टिमा ऑनलाइन या जुन्या गेमने 2000 साली आपलं जग दुभंगलं: ट्रॅमलमध्ये तुमच्या मर्जीशिवाय मारामारी नाही, फेलुकामध्ये जुनाच कारभार. बहुतेक जनता ट्रॅमलला गेली. रूनस्केपने 2007 मध्ये वाइल्डरनेस या धोक्याच्या भागातली खुली मारामारी काढली आणि 2011 मध्ये परत आणली. म्हणून खाली उतरायला कारण द्या. लाकूड, गहू, लोखंड आत मिळू दे, हिरे आणि नेदराइट (हिऱ्याहून मजबूत धातू) बाहेरच. फक्त पायरी एकदम उंच नको. अल्बियन ऑनलाइन या गेममध्ये मधला पिवळा पट्टा आहे, तिथे हरलात तर आडवे पडता, पण अंगावरचं सामान जात नाही. मी तोच उचलला. पट्ट्यात सामान राखायला वर्ल्डगार्डला वेगळं जोड-प्लगइन लागतं. ओल्ड स्कूल रूनस्केपचा आणखी एक नियम चोरण्यासारखा आहे: वाइल्डरनेसमध्ये जितके खोल जाल तितका मोठा लेव्हलचा फरक चालतो, म्हणजे काठावर बरोबरीचाच गडी अंगावर येऊ शकतो.

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या गेमची तऱ्हा वेगळी. सुरक्षेचा आकडा 0.5 किंवा त्याहून जास्त असलेल्या सुरक्षित भागातही कोणी तुमच्यावर गोळी झाडू शकतो. कॉन्कॉर्ड, म्हणजे गेमचेच पोलीस, नंतर येऊन त्याचं जहाज उडवतात, तुमचं मात्र वाचेलच असं नाही. हजारोंच्या जगात हे शोभतं. तीस पोरांत भांडण गेमबाहेर येतं आणि मला त्यांच्या आया जिन्यात भेटतात.

माझा पिवळा पट्टा सध्या 200 ठोकळे रुंद आहे आणि बहुधा जास्तच आहे. पोरं तिथेच घरं बांधून बसली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत 120 वर आणणार आहे, आठवडाभर आधी सांगून. परवा तो लाव्हावाला सीमेबाहेर एकच ठोकळा उभा होता, हातात काही नाही, समोर तिघं. मी चॅटमध्ये काय लिहायचं ते सांगितलं. त्याने टाइप केलं, ‘आम्ही तुझ्या मातीत’, आणि मागे उडी मारली.