पावसाचे पाणी आवारात मुरवण्यापूर्वीची तयारी

आराखडा काढण्यापूर्वी भर पावसात आवारात फिरून पाणी कोठून येते, कोठे तुंबते आणि शेवटी कोणत्या गटारात उतरते हे नकाशावर टिपून ठेवावे. कोरड्या दिवशी डोळ्यांना दिसणारा उतार अनेकदा फसवा असतो. मग हिशेब मांडावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे १०० चौरस मीटरच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे २,५०० लिटर पाणी खाली येणार, हे गृहीत धरावे.

सर्वांत जास्त टाळले जाणारे काम म्हणजे जमिनीची झिरप चाचणी, आणि माझ्या मते तिच्याशिवाय एक वीटही मागवू नये. शोषखड्डा जेथे करायचा तेथेच, नियोजित खोलीपर्यंत खणून, खड्डा पाण्याने भरून पातळी उतरण्यास लागणारा वेळ मोजावा आणि हे निदान तीनदा करावे, कारण कोरडी माती पहिले पाणी अधाशासारखे पिते व तिचा खरा वेग पुढच्या भरण्यांतच कळतो. भूजलाची पातळी ऐन पावसाळ्यातही खड्ड्याच्या तळापासून किमान एक मीटर खाली आणि इमारतीचा पाया सुमारे पाच मीटर दूर असावा. चिकणमाती पाणी घेत नसेल, तर मुरवण्याचा हट्ट सोडून पाणी टाकीत अडवावे व लहान छिद्रातून सावकाश सोडावे. पूर्वी तेथे कारखाना किंवा इंधनाचा साठा असल्यास मुरवणे टाळावेच, अन्यथा मातीतले विष भूजलात उतरते.

पहिल्या सरींबरोबर रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी आणि जस्तासारखे धातू वाहून येतात. म्हणून वाहनतळाचे पाणी थेट शोषखड्ड्यात न नेता आधी गवताळ चरातून न्यावे. पावसाळी गटाराचे झाकण कोरड्या दिवशी उघडून पाहावे. आत दुर्गंधीयुक्त प्रवाह दिसला, तर सांडपाण्याची चुकीची जोडणी शोधून ती आधी तोडावी.

सच्छिद्र फरसबंदी बांधकामाचा चिखल संपल्यावरच घालावी, कारण बारीक गाळाने ती लवकर बुजते. पर्जन्यबागेतील, अर्थात पावसाचे पाणी मुरवण्यासाठी झाडे लावलेल्या उथळ खळग्यातील, पाणी एक-दोन दिवसांत ओसरेल, म्हणजे डासांची पैदास होणार नाही, इतकीच तिची खोली ठेवावी आणि अतिवृष्टीतील जादा पाण्याला इमारतीपासून दूर जाणारा सांडवा द्यावा. जाळ्या व गाळ कोण, कोणत्या महिन्यात साफ करणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे.