3 डिसेंबरची तयारी: आधी ठराव, मग हारतुरे

आमच्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी जागतिक दिव्यांग दिन साजरा केला, असं गावात सगळे सांगतात. फोटोही आहेत. मी पहिल्या रांगेत, कुबडी मांडीवर आडवी, अंगावर शाल. सरपंच माईकवर म्हणाले, "यापुढं दरवर्षी 3 डिसेंबर ग्रामपंचायतीतर्फे होणार आणि दिव्यांगांचा 5 टक्के निधी मार्चच्या आत वाटला जाणार." टाळ्या पडल्या. मार्चमध्ये चौकशीला गेलो तर जुने ग्रामसेवक बदलून गेलेले. नव्यांनी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही, काढली, अंगठ्याला थुंकी लावून डिसेंबरची पानं उलटली. पथदिवे होते, पाणीपट्टीची थकबाकी होती, स्मशानभूमीच्या शेडचे पत्रे होते. आम्ही नव्हतो. "भाषण झालं असेल हो, पण ठराव कुठाय?"

ठराव घ्यायचा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मंडप, नारळ, पाहुण्यांची गाडी, सगळं आलं होतं. म्हणून यंदा जो कुणी आपल्या गावात हा दिवस घ्यायचं म्हणतोय, त्याने मंडपवाल्याला फोन लावण्याआधी हे वाचावं.

सप्टेंबर संपायच्या आत अर्ज द्या. सरपंच आणि ग्रामसेवक (आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या नावे, एकच पान. संयुक्त राष्ट्रांनी 1992 मध्ये हा दिवस ठरवला, एवढा इतिहास पुरे. अर्धं पान खर्च करायचं ते मागणीवर: दरवर्षी 3 डिसेंबरचा कार्यक्रम ग्रामपंचायतीने करावा, त्याचा खर्च कुठून करणार ते लिहावं, आणि स्वउत्पन्नातला दिव्यांगांचा 5 टक्के हिस्सा अमुक तारखेपर्यंत द्यावा. मागासवर्गीयांसाठी 15, महिला-बालकल्याणासाठी 10, तसेच दिव्यांगांसाठी हे 5. मेहेरबानी म्हणून मागू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. "ठेवा टेबलावर" म्हणाले तरी उभे राहा. पोच मिळेपर्यंत हलायचं नाही.

विषय मासिक सभेच्या नोटिशीत छापून आला पाहिजे. यादीच्या शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" असतं ना, तिथं ढकलू देऊ नका. ऐनवेळच्या विषयात घातलेला खर्च उद्या कुणीही उकरून काढतो. नोटीस फलकावर लागली की फोटो काढा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेतही हात वर करून विषय मांडा, गाव पाठीशी आहे हे सदस्यांना दिसू द्या. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल तेवढा कोरम लागतो. आपली माणसं सकाळीच नेऊन बसवा. तहकूब झाली तर पुढच्या वेळी कोरमची अट नसते, पण तोवर निम्मा उत्साह घरी गेलेला असतो.

सभेत काय लिहिलं जातंय ते कान देऊन ऐका. "साजरा करण्याबाबत चर्चा करण्यात आली" हे वाक्य म्हणजे शून्य. "विचार करण्यात यावा" म्हणजेही शून्य. "करण्याचे सर्वानुमते ठरले" असं पाहिजे. खाली ठराव क्रमांक, सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव. आणि "दरवर्षी" हा शब्द. तो राहिला तर पुढच्या सप्टेंबरला पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

हे सगळं ऑक्टोबरच्या सभेतच का उरकायचं, तर नोव्हेंबरच्या सभेत विषय क्रमांक एक असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कायम झालं की नक्कल द्यायला कुरकुर करायला जागा उरत नाही. नोव्हेंबरमध्ये ठराव घेतलात तर डिसेंबरची सभा येईपर्यंत "अजून कायम व्हायचंय" ऐकत बसाल, आणि तोवर 3 तारीख होऊन गेली असेल. नक्कल म्हणजे सही-शिक्क्याची. मोबाइलमध्ये वहीच्या पानाचा फोटो म्हणजे नक्कल नव्हे. दिली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका. 30 दिवसांची मुदत आहे, म्हणून हेही आधीच करायचं. नक्कल आली की तीन झेरॉक्स. एक गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन, एक आपल्या फायलीत, एक शेजाऱ्याच्या घरी. हसू नका, माझी फाईल एकदा पावसात गेली आहे.

ठरावाने काय होतं असं विचारणारे भेटतील. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव ग्रामसभेत घेतला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकी गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. नुसतं भाषण झालं असतं तर शासनाने कशाचा दाखला दिला असता?

आता यादी. ग्रामपंचायतीकडची दिव्यांगांची यादी जुनी असते आणि तीत बहुतेक माझ्यासारखे, पायाने अधू, लांबून दिसणारे. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, ऑटिझम, ॲसिड हल्ल्यातले जखमी, सगळे त्यात येतात. आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला विचारा. कुणाच्या घरात कोण आहे ते त्यांना पाठ असतं. आमच्या यादीत 14 नावं होती, आशाताईंनी चहा संपायच्या आत आणखी 9 सांगितली. कुणाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नाही तेही तेव्हाच टिपून ठेवा.

जागा. तळमजला. समाजमंदिराला तीन पायऱ्या असतील तर त्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, आणि फूटभर उंचीला बारा फूट लांबी या हिशेबाने उतार 18 फुटांचा. गेल्या वर्षी मंडपवाल्याने पायऱ्यांवर सहा फुटी प्लायवूड टेकवलं आणि "झाला की रॅम्प" म्हणाला. एक ताई व्हीलचेअरवर होत्या. चौघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना वर नेलं, शिवाय पाठीमागून कुणीतरी घोषणा दिली. त्यांनी कार्यक्रमभर कुणाशी बोलणं केलं नाही. उतार जमत नसेल तर कार्यक्रम शाळेच्या पटांगणात घ्या, स्टेज नकोच. सत्कार करायचाच असेल तर पाहुण्यांनी खाली उतरून माणसापाशी जावं, त्यांचे पाय शाबूत असतात. संडासाचं दार किती रुंद आहे ते आदल्या दिवशी मोजा.

बॅनरवर "दिव्यांग". अपंग नको, "बिचारे" तर भाषणातही नको. राज्यात 2022 साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तरी वक्त्यांची भाषा तिथपर्यंत पोचलेली नाही. पाहुणे दोन, भाषणं मिळून वीस मिनिटं. कर्णबधिर मंडळी असतील तर जवळच्या विशेष शाळेतून खुणांची भाषा येणारं कुणीतरी बोलवा, आणि त्यांना उजेडात उभं करा, बॅनरमागे नव्हे.

शाळेची मुलं गर्दीसाठी आणू नका. माईक, पाणी, खुर्च्या, तुम्हाला माहीत आहे. वेळ अकराची दिली तर अकरालाच. नारळ एक.

कार्यक्रमात एकच गोष्ट माझ्यासाठी करा: ठराव क्रमांक माईकवरून मोठ्याने वाचायला लावा. सरपंचांनाच. हातात नक्कल देऊन. नक्कल नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला, मंडपाचे पैसे गेले तरी चालतील.

4 तारखेला खुर्च्या मोजून परत. जानेवारीत निधीचं स्मरणपत्र, फेब्रुवारीत दुसरं, दोन्हींवर ठराव क्रमांक. मार्चचं मार्चमध्ये बघू.

आमची मासिक सभा पुढच्या मंगळवारी आहे. नोटीस उद्या फलकावर लागेल, सकाळी आठला जाऊन बघून येतो.