भातावरचा करपा: पंप उचलण्याआधी या चुका टाळा

ऑगस्ट लागला की माझ्या फोनवर भाताच्या पानांचे फोटो यायला लागतात. हललेला फोटो, अर्ध्यात अंगठा, खाली एकच ओळ: "दादा, काय मारू?" काय झालंय, हे कुणी विचारत नाही. दुकानदारालाही हाच फोटो जातो आणि तो तीन बाटल्या काढून देतो. आम्ही मावळातले. इंद्रायणी करतो, हौसेपुरता आंबेमोहर. आंबेमोहराला करपा, म्हणजे पानं-लोंब्या करपवणारा बुरशीचा रोग, पटकन धरतो, त्यामुळे ही कटकट आमच्या घरचीच.

सगळ्यात मोठी चूक युरियाची, आणि ती मीही केलीय. एका वर्षी लावणीनंतर आठ दिवस नुसती भुरभुर. भात फिकट दिसायला लागलं, शेजारचं मात्र काळंभोर. मला राहवलं नाही. वीस गुंठ्याच्या खाचरात अख्खी पंचेचाळीस किलोची गोणी फेकली. सहाव्या दिवशी भात असं हिरवंगार झालं की येणारेजाणारे बांधावर थांबून बघायचे. त्यानंतर ढग हटलेच नाहीत, पहाटे पानं ओलीचिंब. पंधराव्या दिवशी पानांवर डोळ्यासारखे ठिपके, दोन्हीकडे टोकदार, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. बघता बघता ते एकमेकांत मिसळले आणि खाचर लांबून विस्तव फिरवल्यासारखं दिसायला लागलं. सगळ्यात वाईट हाल गोठ्याचं पाणी उतरतं त्या कोपऱ्यात. तिथं आधीच नत्र जास्त होतं, वर मी आणखी ओतलं.

करप्याची बुरशी पानावर चिकटून एक फुगीर टाचणीसारखा अवयव तयार करते. त्यातला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ चाळीसपट असतो, आणि त्या जोरावर ती पानाची साल भोसकून आत जाते. पान सिलिकाने कडक असेल तर तिला जड जातं, युरियाने लुसलुशीत झालं की सोपं. वर वीस ते अठ्ठावीस अंश तापमान आणि रात्रभर ओलं पान मिळालं की तिची दिवाळीच. एका ठिपक्यातून रात्रीत हजारो बीजाणू उडतात.

म्हणून ठिपके दिसत असताना आणि आभाळ भरलेलं असताना युरियाचा हप्ता थांबवा. पीक चार दिवस फिकट राहिलं म्हणून मरत नाही. सुधारित वाणाला हेक्टरी शंभर किलो नत्र, तेही तीन हप्त्यांत: लावणीला चाळीस टक्के, फुटव्यांना चाळीस, लोंबी धरताना वीस. मी आता चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतल्या युरिया-डीएपी खतांच्या गोळ्या खोचतो. चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) मध्ये एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल. कंबर मोडते, पण एकदा खोचली की पुन्हा गोणी हातात घ्यायचा मोह होत नाही. रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळतो, सिलिकासाठी. हे फुकटचं आहे म्हणून कुणी करत नाही. बाटलीत भरून विकली असती तर रांग लागली असती.

दुसरी चूक, जिच्यावर माझा खरा राग आहे: पांढरी लोंबी दिसली की "खोडकिडा!" म्हणून कीटकनाशक. आमच्या शेजारच्या काकांनी दोनदा फवारलं, तिसऱ्याची तयारी चालली होती. मी म्हटलं, "काका, एक लोंबी ओढून तर बघा." खोडकिड्याची पळींज (पोचट पांढरी लोंबी) अलगद हातात येते आणि खालचं टोक कुरतडलेलं असतं. ही आली नाही, मानेतूनच मोडली. मानेभोवती काळपट पट्टा. करप्यानं मान धरली होती. काका बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत बसले. दोन फवारण्यांचे पैसे गेले होते, आणि बुरशीनाशक मारायची वेळही.

कारण मानेचा करपा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पानावर करपा होता आणि हवा ढगाळ आहे, तर पोटरीतून (लोंबी दडलेल्या फुगीर भागातून) शंभरातल्या पाच-दहा लोंब्या बाहेर आल्या की बुरशीनाशकाची पहिली फवारणी करा, दहाएक दिवसांनी हवा बघून दुसरी. ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के, लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला नऊ ग्रॅम. किंवा आयसोप्रोथिओलेन लिटरला दीड मिली. दोन्ही आलटून पालटून वापरा. झाकणाने मापू नका, छोटा वजनकाटा स्वस्तात मिळतो. प्रतीक्षा कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं, तो लेबलवर वाचा, नाहीतर औषधाचा अंश तांदळात राहतो. युरोपने २०१८ पासून बासमतीत ट्रायसायक्लाझोलच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा निर्यातदारांची झोप उडाली होती.

आता भराभर. एकरी दोन पंपात भागवणाऱ्यांनी ते पैसे घरी ठेवावेत, दोनशे लिटर पाणी लागतं. टॉनिक, कीटकनाशक, विद्राव्य खत आणि बुरशीनाशक एका पंपात कालवू नका, ती खिचडी आहे. बियाणं तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाका (दहा लिटरला तीनशे ग्रॅम), तरंगणारं फेका, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत वाळवा, मग बुरशीनाशक चोळा. करपलेल्या खाचरातलं बी ठेवूच नका.

आणि पाणी. "बुरशी आहे, मग खाचर सुकवू" हा उपाय कुणीतरी पसरवलाय. करप्यात उलट करा, पातळ पाणी ठेवा. कोरडं पडलं की रोग वाढतो. पाणी काढायचं ते कडा करप्याला. तो जिवाणूचा, पानाच्या कडेनं वरून खाली पिवळा-पांढरा वाळत येतो, आणि त्यावर ट्रायसायक्लाझोलचा काडीचाही उपयोग नाही. नावात करपा आहे म्हणून औषध एक होत नाही.

करपलेला पेंढा पुढच्या वर्षी जिथं रोप टाकणार त्या जागेजवळ रचू नका. मी तो आधी जनावरांना घालतो.