अंतराळ आणि यकृत: बातमी वाचताना या चुका टाळा

‘अंतराळात गेलं की लिव्हर खराब होतं’ असा मथळा दिसला की आधी शोधा, यकृत तपासलं कोणाचं? बहुतेक वेळा उत्तर असतं, उंदरांचं. जुलै २०११ मध्ये ‘अटलांटिस’ यान शेवटच्या फेरीवर गेलं, तेव्हा त्यात उंदीरही होते. ते जवळपास १३ दिवसांनी परतले. त्यांच्या यकृतात चरबी वाढली होती, व्हिटॅमिन ए घटलं होतं आणि ते साठवणाऱ्या स्टेलेट पेशी सक्रिय झाल्याच्या खुणा होत्या. या पेशी चेतवल्या गेल्या की तंतू तयार करू लागतात, आणि ते साचत गेले तर यकृत कडक होतं. काळजी वाटावी असंच हे आहे. पण ही सुरुवातीची लक्षणं होती, सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) नव्हे. शिवाय दोन-तीन वर्षं जगणाऱ्या प्राण्याचे १३ दिवस माणसाच्या हिशोबात तसेच धरता येत नाहीत.

याहून मोठी चूक म्हणजे सगळं खापर वजनरहिततेवर फोडणं. उड्डाणाचे हादरे, सततचा आवाज, किरणोत्सर्ग, परतीचा ताण हे सगळं उंदरांनी एकदमच सोसलेलं असतं. ‘अटलांटिस’चे उंदीर तर जमिनीवर उतरल्यानंतर तपासले गेले, म्हणून हा बिघाड परतीच्या ताणाचा असेल, ही शंका रास्त होती. पुढे अंतराळ स्थानकातल्या काही उंदरांचे नमुने तिथेच गोठवून आणले, तरी चरबीचा बिघाड दिसलाच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे विश्लेषण मला फार मोलाचं वाटतं. एकट्या परतीच्या ताणाने हे घडतं, असं आता म्हणता येत नाही.

‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हेही लिहू नका. अंतराळ स्थानकाच्या ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक सतत पडत असतं, म्हणून वजन जाणवत नाही.

फॅटी लिव्हर म्हणजे फक्त जास्त खाणं, हा समजही सोडा. निरोगी माणसाला नुसतं बिछान्यावर झोपवून ठेवलं तरी इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, कारण बसून राहिलेले स्नायू साखर कमी उचलतात, आणि उरलेली साखर यकृतात चरबी होऊन साठू शकते. अंतराळवीर रोज साधारण दोन तास व्यायाम करतात. उंदरांवरच्या निष्कर्षावरून अंतराळवीरांच्या यकृताविषयी बोलताना हा फरक धरायलाच हवा.

औषधांचा मुद्दा मात्र बातम्यांत क्वचितच येतो. बरीच औषधं यकृतातच मोडली जातात, आणि उड्डाणानंतर प्राण्यांमध्ये ते काम करणारी एन्झाइम्स बदललेली आढळली आहेत. मंगळाच्या लांब प्रवासात जमिनीवरचाच डोस लागू पडेल, हे गृहीत धरू नका.