गेम नेमका कुठल्या सर्व्हरला जोडलाय, हे कसं शोधायचं

बहुतेक जण नेटस्टॅट (विंडोजची चालू जोडण्या दाखवणारी कमांड) चालवून बघतात आणि तिथेच फसतात. नेटस्टॅटच्या यादीत पलीकडचे आयपी पत्ते दिसतात ते फक्त टीसीपी जोडण्यांचे (आधी जोडणी पक्की करून मग माहिती पाठवायची पद्धत), म्हणजे लॉगिन, मित्रांची यादी, चॅट, स्टोअर यांचे. व्हॅलोरंट, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) यांसारख्या गेममध्ये प्रत्यक्ष मॅच यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालते. यूडीपीत आधी जोडणी करून ठेवायचा प्रकारच नसतो, त्यामुळे नेटस्टॅट पलीकडच्या पत्त्याच्या जागी नुसत्या चांदण्या (*:*) दाखवतो. मग ४४३ पोर्टवरचा (पोर्ट म्हणजे पत्त्यामागचा दाराचा क्रमांक) कुठलातरी पत्ता उचलून त्यालाच पिंग केलं जातं, म्हणजे तिथून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजलं जातं, आणि आकडा भलताच येतो.

विंडोजवर सोपा मार्ग त्यातच असलेल्या रिसोर्स मॉनिटरचा. नेटवर्क टॅबमध्ये गेमच्या प्रोसेससमोर टिक करा आणि 'नेटवर्क ॲक्टिव्हिटी'चा चौकोन उघडा. खालचा 'टीसीपी कनेक्शन्स'चा नको. आधी लॉबीत असतानाचे पत्ते टिपून ठेवा, मग मॅच सुरू झाल्यावर पुन्हा बघा. जो पत्ता नव्याने आला आणि ज्याचे पाठवण्याचे व घेण्याचे दोन्ही आकडे सतत हलतात, तो तुमचा. हे आकडे गेल्या एका मिनिटाची सरासरी असतात, म्हणून मॅच संपल्यावरही ती ओळ थोडा वेळ रेंगाळते.

पोर्टही हवा असेल तर वायरशार्क हे नेटवर्कवरची पॅकेट्स टिपणारं सॉफ्टवेअर लागतं. ज्या ॲडॉप्टरसमोर (वाय-फाय, इथरनेट वगैरे) रेघ वरखाली होतेय तो निवडा, मॅच चालू असताना मिनिटभर कॅप्चर करा, मग स्टॅटिस्टिक्समध्ये कॉन्व्हर्सेशन्स उघडून यूडीपी टॅब पॅकेटच्या संख्येनुसार लावा. व्हॅलोरंटचा सर्व्हर १२८ टिकचा आहे, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा गेमची स्थिती ताजी करतो, त्यामुळे त्याची ओळख पटकन पटते: छोटी छोटी पॅकेट्स, दोन्ही दिशांनी, अखंड. ४४३ वरचं यूडीपी बहुधा ब्राउझरचं असतं, ५३ म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), १९०० आणि ५३५३ घरातल्याच उपकरणांचं. सगळ्यात जास्त गोंधळ डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप घालतं. व्हॉइस चालू असला की तिथूनही दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट जातं आणि तो पत्ता हुबेहूब गेम सर्व्हरसारखा दिसतो. शोधताना डिस्कॉर्ड आणि व्हीपीएन दोन्ही बंद ठेवा. व्हीपीएन चालू असेल तर नेहमीच्या ॲडॉप्टरवर बहुधा त्याचाच पत्ता दिसेल.

तरी शंका राहिलीच, तर इथे नेटस्टॅट (netstat -ano असा) कामाला येतो. वायरशार्कमध्ये दिसलेला तुमच्या बाजूचा पोर्ट त्याच्या यूडीपी यादीत शोधा, शेजारचा पीआयडी (प्रोग्रॅमचा क्रमांक) टास्क मॅनेजरमध्ये गेमचाच आहे का ते ताडून पाहा.

पत्ता मिळाल्यावर तो आयपी-लोकेशनच्या वेबसाइटवर टाकून अमेरिका दिसली म्हणून घाबरू नका. तिथे अनेकदा पत्ता ज्या कंपनीच्या नावावर नोंदलाय तिचा देश दिसतो. खरी कसोटी वेळेची. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किमी, आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच झाले. पुणे-मुंबईत बसून गेममध्ये २० पिंग दिसत असेल, तर सर्व्हर सिंगापुरात असणं शक्यच नाही. कमांड लाइनवरून पिंगला उत्तर आलं नाही तरी सर्व्हर बंद आहे असं समजू नका. बरेच गेम सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत.

सीएस २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेमची गोष्ट वेगळी. सीएस २ च्या अधिकृत मॅचमध्ये वाहतूक व्हॉल्व्हच्याच स्टीमच्या रिलेमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून जाते, म्हणून दिसणारा पत्ता रिलेचा असतो. खरा सर्व्हर त्यामागे मुद्दाम लपवलेला असतो, हल्ल्यांपासून वाचवण्यासाठी. तिथे कितीही खोदलं तरी रिलेच्या पलीकडचा पत्ता तुमच्या मशीनवर सापडणार नाही.

एका मॅचवर निष्कर्ष काढू नका. पुढच्या मॅचला पत्ता बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये गेमला प्राधान्य देताना एका पत्त्याऐवजी पोर्टची रेंज द्या.

अँड्रॉइडवर बीजीएमआयसाठी (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) पीसीएपीड्रॉइड हे पॅकेट्स टिपणारं ॲप वापरा, फोन रूट करावा लागत नाही. ॲपच्या यादीत फक्त गेम निवडा आणि मॅच चालू असताना ज्या यूडीपी ओळीतले बाइट्स सतत वाढतायत ती उघडा.